मोर्स सरावाचा संच: धातूकाम उत्तम, आवाज सदोष, तक्ता निरुपयोगी

हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी रेडिओ-संपर्काच्या, परवान्यासाठी असलेली रिस्ट्रिक्टेड श्रेणीची परीक्षा मी काही वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालो. त्या श्रेणीला मोर्स, म्हणजे बिंदू आणि रेघांची सांकेतिक लिपी, लागत नाही. जनरल श्रेणीला मात्र मिनिटाला ८ शब्द या गतीने मोर्स पाठवता यावा लागतो आणि ऐकून कागदावर उतरवताही यावा लागतो. ती परीक्षा द्यायचे ठरवल्यावर सरावासाठी मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून १,९५० रुपयांना मोर्सचा संच मागवला आणि सात महिने, मधला एक महिना सोडून, रोज अर्धा-पाऊण तास वापरून झाल्यावर आता हे परीक्षण लिहीत आहे. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच धाटणीचे संच वेगवेगळ्या नावांनी विकले जातात आणि विकत घेताना काय तपासावे, हे ठाऊक असणे नावापेक्षा जास्त उपयोगाचे आहे.

पेटीतून निघाले ते असे: लाकडी पाटावर बसवलेली पितळी मोर्स-की, प्लास्टिकच्या डबीतला बझर, ९ व्होल्टच्या बॅटरीची क्लिप, दोन्ही टोकांना ३.५ मिलिमीटरची पिन असलेली वायर, आणि जाड कागदावर छापलेला एक रंगीत तक्ता, ज्याच्या मागच्या बाजूला इंग्रजीत माहितीपत्रक आहे.

सर्वप्रथम मोर्स-कीविषयी, कारण पैसे खरे तिच्यासाठीच मोजायचे असतात. ही साधी, वर-खाली होणारी की आहे, जिला हॅम लोक स्ट्रेट की म्हणतात. दोन टोकदार स्क्रूंच्या मध्ये तोललेली आडवी पट्टी, तिच्या एका टोकाला बोटांनी धरायची मूठ, खाली स्प्रिंग आणि विद्युतमंडल जोडणारे दोन संपर्कबिंदू, एवढीच तिची रचना. हिची मूठ पाटापासून बरीच उंच आहे, म्हणजे ती युरोपीय धाटणीची आहे; अमेरिकी धाटणीत मूठ बुटकी असते आणि कोपर टेबलावर टेकवून हात चालवायचा असतो, तर या उंच मुठीला हात अधांतरी ठेवून मनगटातून हलवावा लागतो. माहितीपत्रकात याचा उल्लेख नाही. त्यामुळे पहिले पंधरा दिवस मी कोपर टेकवून, केवळ बोटांच्या जोरावर सराव केला आणि रोज संध्याकाळी अंगठ्याचा सांधा चोळत बसलो. तार पाठवणाऱ्यांच्या हाताला जडणारे दुखणे एकोणिसाव्या शतकापासून परिचित आहे. पंधरा दिवसांच्या शिकाऊ माणसाने ते ओढवून घेण्याचे काही कारण नव्हते. पट्टीचे संतुलन मात्र निर्दोष आहे. ती कोठे घासत नाही, डाव्या-उजव्या बाजूला डुगडुगत नाही, आणि स्प्रिंगचा ताण आपल्या हाताला रुचेल तसा अगदी सूक्ष्म बदलता येतो. या किमतीत असे काम मिळेल, अशी माझी अपेक्षा नव्हती. पाट मात्र हलका आहे आणि त्याला खाली रबरी पाय नाहीत, त्यामुळे जरा जोर लावला की सगळी की टेबलावर पुढे सरकू लागते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. संपर्कबिंदूंमधले अंतर कायम राखण्यासाठी स्क्रूवर जो नट घट्ट बसवायचा असतो, तो माझ्या संचात सैल होता आणि पाना लावून आवळल्यावरही आठवड्याभराने पुन्हा सैल होई. अंतर बदलले की कळ दाबल्याबरोबर संपर्क एकदा जुळण्याऐवजी थरथरून दोनदा जुळतो आणि एका बिंदूचे दोन बिंदू होतात. हे क्षुल्लक वाटेल, म्हणून एक उदाहरण देतो. भारतातल्या बहुसंख्य हॅम स्टेशनांचे संकेतनाव व्ही आणि यू या अक्षरांनी सुरू होते. व्ही म्हणजे तीन बिंदू आणि एक रेघ. त्यात एक बिंदू आगंतुकासारखा शिरला, तर चार बिंदू आणि एक रेघ, म्हणजे ४ हा अंक तयार होतो, आणि ‘४ यू’ हे संकेतनाव संयुक्त राष्ट्रांच्या स्टेशनांना दिलेले आहे. पुण्यातल्या एका खोलीतून हाक मारणारा माणूस एका सैल नटामुळे ऐकणाऱ्याला जिनीव्हात बसलेला वाटू शकतो. शेवटी नटाखाली एक स्प्रिंग वॉशर टाकला आणि प्रश्न मिटला. वॉशर दोन रुपयांचासुद्धा नाही. तो कारखान्यातच टाकायला हरकत नव्हती.

आता बझरविषयी. येथे थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण या संचाचा खरा दोष डोळ्यांना दिसत नाही आणि तो समजण्यासाठी मोर्समध्ये निरोप नेमका कशाने पोहोचतो, हे आधी लक्षात घ्यावे लागते. मोर्स म्हणजे बिंदू आणि रेघा, असे आपण शाळेत शिकतो; पण प्रत्यक्षात ही कालमापनाची पद्धत आहे. बिंदूला एक मात्रा धरली, तर रेघेला तीन मात्रा. एकाच अक्षराच्या दोन खुणांमध्ये एक मात्रा शांतता, दोन अक्षरांमध्ये तीन मात्रा आणि दोन शब्दांमध्ये सात. वेग मोजण्यासाठी ‘पॅरिस’ हा पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द प्रमाण मानतात, कारण त्यामागची सात मात्रांची शांतता धरून तो बरोबर ५० मात्रांचा होतो. मी कागदावर या ५० मात्रांची फोड करून पाहिली, तेव्हा आवाजाच्या मात्रा २२ आणि शांततेच्या २८ निघाल्या. म्हणजे पाठवणारा माणूस निम्म्याहून अधिक वेळ काहीच पाठवत नसतो, आणि त्या काहीच न पाठवण्याच्या लांबीवरूनच ऐकणाऱ्याला अक्षर कोठे संपले आणि शब्द कोठे संपला, हे कळते. ई आणि टी ही दोन अक्षरे जवळ आणली की ए तयार होतो, लांब नेली की पुन्हा ई आणि टी होतात. खुणा त्याच, फक्त मधली शांतता वेगळी.

या संचातला बझर नेमकी ही शांतताच खातो. कळ सोडल्यावर आवाज तत्काळ तुटत नाही, तर शेपटी सोडून विरतो. सुरुवातीला मी हा दोष माझ्या हाताचा समजत होतो. आमच्या क्लबातल्या एका ज्येष्ठ हॅम काकांना फोनवर माझे पाठवणे ऐकवले, तेव्हा ते म्हणाले, “अहो, तुमचा हात नीट आहे, पण तुमचं यंत्र थांबत नाहीये. डबी उघडून बघा.” डबी उघडली, तर बझरच्या दोन्ही तारांवर १०० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर बसवलेला होता. कळ दाबलेली असताना तो भरून राहतो आणि कळ सोडल्यावर साठवलेली वीज बझरला पुरवत राहतो, त्यामुळे प्रत्येक खूण लांबते आणि तितकीच शांतता आखडते. मिनिटाला ८ शब्द या गतीला एक मात्रा १५० मिलिसेकंदांची असते, तेव्हा हे कसेबसे चालून जाते. पण २० शब्दांच्या गतीला मात्रा ६० मिलिसेकंदांवर येते आणि अक्षराच्या आतली शांतता जवळजवळ बुजून जाते. एस या अक्षराचे तीन बिंदू मग एकच थरथरती रेघ वाटू लागतात. कपॅसिटर कोणत्या हेतूने बसवला असेल, याचा मी बराच विचार केला. बॅटरी उतरल्यावरही आवाज मोठा राहावा, एवढाच तर्क मला करता आला. शिवाय त्या बझरचा स्वर इतका तार आहे की अर्ध्या तासाने डोके भणभणते. मोर्स ऐकण्यासाठी बहुतेक लोक ६०० ते ७०० हर्ट्झच्या आसपासचा खर्जाकडे झुकणारा स्वर पसंत करतात, आणि तो का, हे या बझरने मला पुरते शिकवले.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून ५५५ क्रमांकाची आयसी, दोन-तीन रेझिस्टर आणि एक लहान स्पीकर आणून मी बझरच्या जागी ७०० हर्ट्झच्या आसपासचा ऑसिलेटर, म्हणजे स्वर निर्माण करणारे मंडल, बसवला. एकूण खर्च शंभर रुपयांच्या आत आला. त्यानंतर हा संच ऐकायला सुखद झाला आणि माझी अक्षरे एकमेकांपासून सुटी ऐकू येऊ लागली. ज्यांना सोल्डरिंग येते त्यांना ही दुरुस्ती एका दुपारची आहे. ज्यांना ते येत नाही, त्यांनी निदान तो कपॅसिटर कापून टाकावा. त्यासाठी केवळ कात्री पुरते.

तक्त्याविषयी मला काहीच चांगले लिहिता येत नाही. त्यावर सव्वीस अक्षरे आणि दहा अंक बिंदू-रेघांत छापलेले आहेत, प्रत्येक अक्षराशेजारी एक चित्र आहे, आणि ‘रोज पाच अक्षरे पाठ करा’ अशी सूचना आहे. हा मार्ग दिसायला सोपा आहे, पण आडवळणाचा आहे. तक्ता पाठ केलेला माणूस आवाज ऐकतो, मनात बिंदू-रेघा मोजतो, तक्त्यातली जागा आठवतो आणि मग अक्षर लिहितो. तोवर पुढची दोन अक्षरे निघून गेलेली असतात. गती मिनिटाला पाच-सहा शब्दांपर्यंत आली की हे मोजणे तेथेच अडकते, आणि माझेही तेथेच अडकले. १८४४ साली वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर यांच्यामध्ये मोर्सची पहिली तार गेली, तेव्हा यंत्राने निरोप कागदाच्या पट्टीवर खुणांच्या रूपाने उमटवला होता, म्हणजे तो डोळ्यांनी वाचायचा होता. पण यंत्राची खटखट नुसती ऐकूनच अक्षरे कळतात, हे तारबाबूंच्या लवकरच लक्षात आले आणि कागदाची पट्टी मागे पडून साउंडर आला. साउंडरला स्वर नसतो. खुणेच्या सुरुवातीला एक टोला, शेवटी दुसरा, आणि दोन टोल्यांमधल्या वेळावरून बिंदू की रेघ ते ओळखायचे; आपण ज्याला तारयंत्राचे कडकट्ट म्हणतो ते हेच. जे तारबाबूंनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी टाकून दिले, ते या उत्पादकाने चार रंगांत छापून पेटीत घातले आहे.

याला पर्याय १९३० च्या दशकात जर्मन मानसशास्त्रज्ञ लुडविग कोख यांनी सुचवला. पहिल्या दिवसापासून अक्षर पूर्ण गतीने ऐकायचे, पण सुरुवातीला फक्त दोनच अक्षरे घ्यायची. ती शंभरातून नव्वद वेळा बरोबर उतरली की तिसरे घ्यायचे. अशाने कान खुणा मोजत नाही, तर अक्षराचा संपूर्ण नाद एकदम ओळखतो, जसे जिन्यावरच्या पावलांवरून घरातले कोण आले, ते कळते. याला जोडून फार्न्सवर्थ पद्धत वापरतात, जिच्यात अक्षर वेगाने वाजते, पण दोन अक्षरांमधली शांतता लांब ठेवलेली असते. या दोन्ही पद्धतींनी सराव करून घेणारे ‘लर्न सीडब्ल्यू ऑनलाइन’ हे संकेतस्थळ विनामूल्य आहे. मी तक्ता बाजूला ठेवून महिनाभर तेथे ऐकण्याचा सराव केला आणि त्या काळात मोर्स-कीला हातही लावला नाही. संच विकत घेणाऱ्यालाही हाच क्रम सुचवेन: आधी कान, मग हात.

चित्रांच्या जागी काही द्यायचेच होते, तर मराठी वाचकाला शोभेल असा एक मार्ग मला सरावाच्या तिसऱ्या महिन्यात अचानक सापडला, आणि परीक्षणाच्या मर्यादेबाहेर जाऊनही तो येथे नोंदवण्याचा मोह आवरत नाही. शाळेत वृत्ते शिकताना ‘यमाताराजभानसलगम्’ हे सूत्र आपण पाठ केलेले असते. तीन अक्षरांचे आठ गण, प्रत्येकात लघू आणि गुरू यांची वेगळी रचना. लघूच्या जागी बिंदू आणि गुरूच्या जागी रेघ ठेवली, तर हे आठ गण म्हणजे मोर्समधली तीन खुणांची आठही अक्षरे होतात, एकही कमी नाही आणि एकही जास्त नाही: य म्हणजे डब्ल्यू, म म्हणजे ओ, त म्हणजे जी, र म्हणजे के, ज म्हणजे आर, भ म्हणजे डी, न म्हणजे एस आणि स म्हणजे यू. चार य गणांचे भुजंगप्रयात मोर्समध्ये चार वेळा डब्ल्यू होते. आणि संकटात सापडलेले जहाज जी हाक मारते, त्या एसओएसचे गण लावले तर न, म, न, म्हणजे ‘नमन’ निघते. अर्थात गुरूला दोनच मात्रा असतात आणि रेघेला तीन, त्यामुळे चाल जुळत नाही. शिवाय हेही शेवटी डोक्याने मोजणेच झाले, कानाने ऐकणे नव्हे. परीक्षेत याचा उपयोग शून्य. पण आठवडाभर मी जुन्या कविता मोर्समध्ये गुणगुणत होतो, हे खरे.

तक्त्यात एक सरळसरळ चूकही आहे. एसओएस त्याने तीन सुटी अक्षरे म्हणून, मध्ये जागा सोडून छापला आहे. हा संकेत १९०६ च्या बर्लिन परिषदेत ठरला, आणि तो तीन अक्षरांचा शब्द नसून तीन बिंदू, तीन रेघा, तीन बिंदू अशी सलग वाजणारी एकच खूण आहे. सलग वाजवली तर ती २३ मात्रांची होते, सुटी अक्षरे वाजवली तर २७. जहाजांवरचा मोर्स १९९९ साली अधिकृतपणे संपला, त्यामुळे या चुकीने कोणी बुडणार नाही. पण शिकवण्यासाठी छापलेल्या कागदावर ती असू नये.

सरावासाठी मराठी वाक्ये रोमन अक्षरांत पाठवून पाहिली, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली, जी संचाच्या गुणदोषांत मोडत नाही, पण घेणाऱ्याने जाणून असावी. इंग्रजीत जे अक्षर सर्वाधिक येते, त्या ई ला या लिपीत एकच बिंदू दिलेला आहे. छापखान्यात कोणत्या अक्षराचे खिळे जास्त लागतात, हे पाहून लहान-मोठ्या खुणा वाटल्या गेल्याचे सांगतात. रोमन लिपीतल्या मराठीत मात्र ए या अक्षराचा सुळसुळाट असतो. ‘आई आजारी आहे’ हे ‘aai ajari ahe’ असे लिहिले, तर त्यातल्या ११ अक्षरांपैकी ५ वेळा ए येतो, आणि ए पाच मात्रांचा आहे. म्हणजे मराठीला ही लिपी उगाचच महाग पडते. त्यातून काल, काळ, कळ आणि कल हे चारही शब्द एकाच स्पेलिंगने जातात. मी काकांना ‘काल येतो’ असे काहीतरी विपरीत पाठवले होते, त्यांनी उलट विचारले, “काळ येतो म्हणता? कुणाचा?” तेव्हापासून सराव इंग्रजीतच करतो.

संचाची खरी कसोटी मे महिन्यात लागली. मला अद्याप जनरल परवाना नसल्याने काकांच्या घरी, त्यांच्या स्टेशनावर त्यांनीच ही मोर्स-की जोडून पाहिली. संचातली ३.५ मिलिमीटरची वायर त्यांच्या ट्रान्सीव्हरला, म्हणजे संदेश पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या यंत्राला, थेट बसली, वेगळा जोड लागला नाही, हे विशेष सांगण्याजोगे आहे. त्यांनी शक्ती ५ वॅटवर आणली, म्हणजे घरातल्या एलईडी दिव्याहूनही कमी, आणि ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हाक दिली. चौथ्या हाकेला केरळमधल्या एका स्टेशनाने उत्तर दिले. त्याच वेळी शेजारच्या वारंवारितांवर बोलून संभाषण करणारी स्टेशने खरखरीत बुडून जात होती. कारण साधे आहे: माणसाच्या आवाजाला सुमारे अडीच ते तीन हजार हर्ट्झ रुंदीची जागा लागते, मोर्सला दीडशेच्या आसपास पुरते, त्यामुळे तेवढीच शक्ती अरुंद जागेत एकवटते आणि घेणाऱ्यालाही अरुंद गाळणी लावून बाकीचा गोंगाट वगळता येतो. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, त्याच्या कितीतरी आधीच टेलिप्रिंटरने तारघरांतला मोर्स घालवला होता; हॅम लोकांनी तो अजून टाकलेला नाही, त्यामागे जुन्याचे प्रेम आहे तसे हे गणितही आहे. तिकडच्या गृहस्थांनी निरोप घेताना ७३ हा अंक पाठवला, ज्याचा अर्थ ‘शुभेच्छा’ असा होतो, आणि त्याआधी ‘हात छान आहे’ असे कळवले. हात अर्थात काकांचा होता, पण की माझी होती.

मोबाइलवरच्या अ‍ॅपशी तुलना करायची, तर ऐकण्याच्या सरावाला अ‍ॅप या संचापेक्षा सरस आहे आणि फुकट आहे. पाठवण्याच्या सरावाला मात्र काचेवर बोट आपटणे निरर्थक आहे. काच खाली जात नाही आणि वरही येत नाही, त्यामुळे शांतता बोटाला जाणवत नाही. दोन पात्यांचे पॅडल आणि इलेक्ट्रॉनिक की-अर घेतले तर बिंदू, रेघा आणि त्यांच्यामधली एक मात्रा यंत्रच मोजून देते आणि वेगही सहज वाढतो. परंतु अक्षरांमधली आणि शब्दांमधली शांतता तेथेही आपल्यालाच राखावी लागते, आणि ती सवय स्ट्रेट कीवर लवकर लागते, असा माझा अनुभव आहे.

ज्यांना जनरल श्रेणीची परीक्षा द्यायची नाही, त्यांनी हा खर्च करावाच असे नाही. आंतरराष्ट्रीय नियमांतून मोर्सची सक्ती २००३ सालीच निघाली आहे. ज्यांना द्यायची आहे आणि ज्यांच्या घरी सोल्डरिंग आयर्न आहे, त्यांनी संच अवश्य घ्यावा, कारण एवढ्या चांगल्या पितळी कीला स्वतंत्रपणे याहून जास्त पैसे मोजावे लागतात. ज्यांना पेटी उघडताच वापरता येईल असा संच हवा आहे, त्यांनी दुसरा पाहावा. विक्रेत्याला मी कपॅसिटर, नट आणि एसओएसची चूक या तिन्ही गोष्टी सविस्तर कळवल्या होत्या. उत्तरादाखल त्याने नवा तक्ता पाठवून दिला, चूक तशीच ठेवून. आता दोन्ही तक्ते घडी घालून मोर्स-कीच्या पाटाखाली ठेवले आहेत, आणि की टेबलावरून सरकायची थांबली आहे.